नानांची स्वतंत्र केबिन

माझ्या सासऱ्यांनी मला पसंत केलं ते भिंत चाटून.

लग्नाची बोलणी करायला ते आमच्या गिरगावातल्या चाळीत आले होते. पांढरं धोतर, काळा कोट, काखेत छत्री. आईची पोह्यांची गडबड चालली होती, वडील उगाचच हवेविषयी बोलत होते आणि मी इस्त्रीचा शर्ट घालून कोपऱ्यात ताठ बसलो होतो. शिक्षण विचारतील, साहेब कसा आहे ते विचारतील, म्हणून मी उत्तरं पाठ करून ठेवली होती. या गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते उठले, भिंतीपाशी गेले, नखानं गिलाव्याचा एक पोपडा काढला, जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले. आई पोह्यांची बशी घेऊन दारातच थांबली.

"गोडी रेती आहे," डोळे उघडून ते म्हणाले. "बांधणाऱ्यानं फसवलेलं नाही. घर चांगलं आहे."

मग त्यांनी पोहे खाल्ले आणि माझं लग्न ठरलं. पुढे मी बायकोला, शैलाला, बरेचदा विचारलं की आमच्या चाळीची रेती खारट निघाली असती तर काय झालं असतं. ती म्हणायची, मी त्या बांधकामवाल्याच्या फोटोला रोज हार घालावा.

तर हे नाना साळवी. भाईंदरच्या मिठागरावर मुकादम. मिसरूड फुटायच्या आत रत्नागिरीकडून इथे आले आणि उभं आयुष्य मिठात घालवलं. ही सत्तर साल उजाडायच्या जरा आधीची गोष्ट. आज जिथे जेसल पार्कच्या इमारती एकमेकींना खेटून उभ्या आहेत तिथे तेव्हा मिठागरं होती, पांढऱ्या ढिगांच्या रांगा होत्या, आणि ज्याला आता शांती नगर म्हणतात तिकडे दिवस मावळल्यावर जायची कुणाची छाती नव्हती. मी गिरगावचा, म्हणजे खरा मुंबईकर, असा मला तेव्हा फार तोरा होता. भाईंदरला सासरवाडीला जाताना मी पाण्याची बाटली बरोबर नेत असे. नाना ती बाटली उघडून आधी स्वतः चाखून बघत.

चाखणं हा त्यांचा पेशाच होता. खाडीचं पाणी आगरात घेतलं की ते किती मुरलं, मीठ कधी धरेल, हे नाना बोट बुडवून, बोट चाटून सांगत, आणि म्हणे ते कधी चुकत नसे. पण पेशा माणसाच्या अंगात शिरला की तो सुट्टीच्या दिवशीही बाहेर पडत नाही. विटा, रेती, विहिरीचं पाणी, पितळेची नवी भांडी, सगळ्याला नानांची जीभ लागायची. "जिभेला फसवता येत नाही," हे त्यांचं तत्त्वज्ञान. घरात भाजी-आमटी झाली की सासूबाई आधी नानांच्या तळहातावर थेंबभर घालत. नाना चाखत, "बरोबर" म्हणत आणि मगच ताटं वाढली जात.

त्यांचं दुसरं पालुपद म्हणजे "प्रश्नच मिटला." हे शब्द कानावर आले की सासूबाई कपाळाला हात लावत, कारण खरा प्रश्न तिथून पुढे सुरू व्हायचा. एकदा घरात उंदीर झाले. नाना उत्तनला गेले आणि एका कोळ्याच्या घरची दणकट मांजर घेऊन आले. प्रश्नच मिटला. मांजर ताज्या बोंबलाशिवाय कशाला तोंड लावेना. मग तिच्यासाठी एक दिवसाआड उत्तनला जाणं आलं, बोंबील आणणं आलं, आणि उंदीर मांजरीच्या उरलेल्या बोंबलांवर जास्तच धष्टपुष्ट झाले.

आता आक्काविषयी सांगायला हवं, कारण ही सगळी गोष्ट तिच्यामुळे घडली.

आक्का म्हणजे नानांची थोरली बहीण. नाना पाळण्यात असताना त्यांची आई गेली. आक्का तेव्हा परकरात होती. तिनं या भावाला कडेवर वाढवलं. तिचं लग्न झालं आणि वर्षाच्या आत नवरा गेला. तेव्हापासून ती गावी, चुलतभावांच्या घरात, मागच्या पडवीत राहत होती. आदल्या पावसाळ्यात त्या पडवीची भिंत बसली आणि चुलतभावांना ती पुन्हा उभी करायची काही घाई दिसेना. आक्कानं जाहीर करून टाकलं की येती दिवाळी झाली की ती देवळाच्या धर्मशाळेत जाऊन राहणार, आणि तिथेच डोळे मिटणार.

नाना तडक गावी गेले. आक्काला घेऊनच येतो म्हणून गेलेले नाना एकटे परत आले आणि दोन दिवस काही चाखलं नाही. आक्कानं त्यांना स्पष्ट सांगितलं होतं, "तुझ्या घरी मी पाहुणी. पाहुणी चार दिवस शोभते." याआधी ती कधी चार दिवस भाईंदरला आलीच तर चटईच्या कडेला बसायची, पाणीसुद्धा मागून घ्यायची. सासूबाईंनी कितीही आग्रह केला तरी त्यांच्या आधी स्वयंपाकघरात पाऊल टाकायची नाही. ज्या घरात आपली चूल नाही ते आपलं घर नाही, एवढं साधं गणित होतं तिचं, आणि ते जन्मभर तिच्याविरुद्धच सुटलं होतं.

माझं लग्न माघात झालं. पाडव्याला आम्ही जोडीनं सासरवाडीला गेलो. गुढी उतरायच्या आत नानांनी सगळ्यांना परसात नेलं. परस कसलं, चांगली वाडीच होती ती: शेवगा, केळी, तोंडलीचा मांडव आणि विहीर. मांडवापलीकडची मोकळी जागा छत्रीनं दाखवत नाना म्हणाले, "इथे केबिन बांधायची. आक्कासाठी. दिवाळीच्या आत."

मी विचारलं, केबिन कशाला, घराला एक खोली वाढवा की. नानांनी माझ्याकडे, बिचाऱ्या पोरीचं नशीब, अशा नजरेनं पाहिलं.

"खोली घरात असते, जावईबापू. केबिन स्वतंत्र असते."

मिठागरावर शेठची एक लाकडी केबिन होती. तिच्यात शिरायचं तर कारकून असो, मुकादम असो, बाहेरून हाक द्यावी लागे. ज्या जागेत शिरायला हाक द्यावी लागते ती स्वतंत्र, अशी नानांची व्याख्या होती. आक्काला अशी जागा मिळाली की ती पाहुणी राहणार नाही. आणि बांधायची कुणी? तर घरच्यांनी. परक्याचा हात लागला की ती विकतची वस्तू झाली, मग आक्का तिच्यात राहणार नाही. "प्रश्नच मिटला," नाना म्हणाले. सासूबाईंचा हात कपाळाकडे गेला.

घरचे म्हणजे कोण, ते मला पुढच्या रविवारी कळलं. मी टेरिलीनची नवी पँट घालून, नव्या जावयाच्या ऐटीत पोचलो. दारातच नाना म्हणाले, "या. पाय धुवा, चहा घ्या आणि ते घमेलं उचला."

सासूबाई हादरल्या. म्हणाल्या, अहो, जावई आहेत. नाना म्हणाले, म्हणून तर आधी चहा.

दुसरा मजूर म्हणजे बंडूमामा, सासूबाईंचा धाकटा भाऊ. भाईंदरच्या बाजारात कापडाच्या दुकानात कामाला. बांबूसारखा उंच आणि हौशी नाटकांत काम करणारा. तो साधं घमेलंसुद्धा तिसऱ्या अंकात खंजीर उचलावा तसा उचलत असे. शैला शेवग्याखाली बसून आमच्या चुका मोजायची आणि सासूबाई दर तासाला काहीतरी खायला पाठवायच्या. दर रविवारी माझं वजन वाढत होतं आणि पँट झिजत होती.

पायाला घोडबंदरचा दगड आला. मग रेती आली. ट्रकवाल्यानं फळकं पाडायच्या आत नानांनी चिमूटभर रेती तोंडात टाकली, चघळली, थुंकली. दुसऱ्या कोपऱ्यातली घेतली. ड्रायव्हर बराच वेळ बघत राहिला आणि शेवटी काकुळतीला येऊन म्हणाला, "सेठ, ये रेती है. खाने का नहीं." नानांनी मान डोलावली, म्हणजे माल पास झाला.

मापं घ्यायला मी ऑफिसातून टेप आणली होती. नानांनी ती केळीच्या बुंध्यावर टांगून ठेवली. टेप ताणली जाते, हात ताणला जात नाही, असं त्यांचं म्हणणं. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात. एका बाजूची भिंत त्यांनी आपल्या हातानं मोजून आखली. तेवढ्यात रेतीचा दुसरा ट्रक आला आणि ते चाखायला गेले. समोरची भिंत बंडूमामानं आखली, त्याच्या हातानं. नाना बुटके, बंडूमामा बांबू. आम्ही त्या आखणीवर इमानेइतबारे दगड रचले, विटांचे थर चढवले, खांब उभे केले, आणि छपराचे वासे ठेवायची वेळ आली तेव्हा लक्षात आलं की केबिन एका बाजूला फाकली आहे.

बंडूमामानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. शैलाची हसून हसून पुरेवाट झाली. नाना केबिनीभोवती एक फेरी मारून आले आणि म्हणाले, "म्हणजे आक्काला त्या बाजूला जास्त जागा मिळाली. प्रश्नच मिटला." कौलं मात्र कशीच सरळ बसेनात. शेवटी ती तिरकी बसवली, आणि दुरून पाहिलं तर केबिननं टोपी जरा कानावर ओढल्यासारखं दिसे.

विटांचं काम कमरेपर्यंतच होतं. वर लाकडी फळ्या लावायच्या होत्या, शेठच्या केबिनसारख्या. त्याच सुमारास मिठागरावरचं एक जुनं कोठार मोडायला काढलं होतं. नानांची नोकरी संपत आली होती. शेठ म्हणाले, लागतील तेवढ्या फळ्या घेऊन जा. नाना मला आणि बंडूमामाला घेऊन गेले. एकेक फळी उभी करायची, नाना तिला जीभ लावायचे, "अळणी" म्हणायचे, की आम्ही ती हातगाडीवर टाकायची. मिठागरावरची माणसं काम थांबवून आदरानं बघत होती. ज्या कोठारात वर्षानुवर्षं छपरापर्यंत मीठ भरलेलं असायचं त्याच्या फळ्या अळणी कशा, हा प्रश्न माझ्या मनात आला होता. पण जिच्यामुळे आपलं लग्न ठरलं त्या जिभेवर शंका कशी घेणार?

ज्येष्ठ सरता सरता केबिन उभी राहिली. आषाढात ती घामेजली.

घामेजली म्हणजे शब्दशः. बाहेर पाऊस उघडलेला असला तरी भिंतींवरून पाण्याचे ओघळ. कपड्यानं पुसाव्यात की तासाभरात पुन्हा ओल्या. नाना म्हणाले, लाकूड श्वास घेतंय. मला दमेकऱ्याचा श्वास असावा असं वाटलं, पण मी नवा जावई होतो.

मग एका रविवारी शेजारची पारूबाई वाडीत आली. ती इथली जुनी आगरी बाई, तिच्या दोन गाई. कमरेवर हात ठेवून तिनं नानांना जाब विचारला.

"नाना, माजी गाय सांजंची घरा येत न्हाय. दावं तोरते नि हितं येते. ही तुमची केबिन न्हाय, गुरांची चाटण हाय."

आम्ही मागे जाऊन पाहिलं. पारूबाईची तांबडी गाय डोळे अर्धवट मिटून केबिनची भिंत चाटत होती. बाजूला दुसरी गाय, तिच्या शेजारी कुणाची तरी म्हैस आणि खिडकीच्या चौकटीवर पुढचे पाय टेकून उभी असलेली एक बकरी. सगळ्यांचं अगदी शांतपणे, देवळात बसल्यासारखं चाललं होतं. पुढच्या काही दिवसांत ही बातमी गुरांमध्ये बरीच पसरली. हाकलली तरी दुसऱ्या बाजूनं येत. एका अंगाच्या फळ्या चाटून चाटून अशा गुळगुळीत झाल्या की तिथे रंधा मारायची गरज उरली नाही.

नाना म्हणाले, जनावराला सावली आवडते.

मी संधी साधून केबिनच्या मागे गेलो, कुणी बघत नाहीसं पाहिलं आणि भिंतीला जीभ लावली. चांगला शिकलेला, गिरगावात वाढलेला माणूस मी; गाईच्या शेजारी उभा राहून घर चाटत होतो. तोंड असं खारट झालं की विहिरीवर जाऊन चुळा भराव्या लागल्या. तिथे सासूबाई भांडी घासत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि सगळं ओळखलं.

त्यांनी मला हळू आवाजात सांगितलं की नानांना मीठ कळायचं कधीच बंद झालंय. एकदा त्या आमटीत मीठ घालायला विसरल्या आणि नाना तळहात चाटून "बरोबर" म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुद्दाम मुठीनं घातलं. नाना "बरोबर" म्हणाले. तेव्हापासून त्या आधी स्वतः चाखतात, मीठ सारखं करतात आणि मग नानांपुढे करतात.

"त्यांना कळू द्यायचं नाही," सासूबाई म्हणाल्या. "त्या जिभेवर त्यांचा सगळा मान आहे."

झालं. आता केबिन वाचवायची होती, दिवाळीच्या आत वाचवायची होती, आणि तिला काय झालंय ते न सांगता वाचवायची होती. गुरं भिंती संपवतील नाहीतर भिंती स्वतःच गळून पडतील, आणि आक्का धर्मशाळेत जाईल. बंडूमामानं आयुष्यातली सर्वात मोठी भूमिका पत्करली. पुढच्या रविवारी तो काडेपेटीत वाळवी घेऊन आला. ती त्यानं आपल्याच घराच्या चौकटीतून गोळा केली होती. केबिनच्या कोपऱ्यात गुडघे टेकून त्यानं काडेपेटी उपडी केली आणि अशी किंकाळी फोडली की पारूबाई धावत आली. नाना, वाळवी. घात झाला. आता एकच उपाय, डांबर.

नानांनी ती वाळवी बराच वेळ न्याहाळली. मग बंडूमामाकडे पाहिलं. म्हणाले, आण डांबर, प्रश्नच मिटला.

उत्तनला होड्यांना बाहेरून फासतात ते काळं डांबर आम्ही पिंपभर आणलं आणि केबिनला थापलं. संध्याकाळी पारूबाईची गाय आली, तिनं हुंगलं, मागे सरली आणि एखाद्या बाईचं रोजचं दुकान बंद असावं तशी उभी राहिली. गुरं थांबली. मी आठवडाभर ऑफिसात डांबराचा वास घेऊन बसलो; शेजारच्या टेबलावरच्या माणसानं जागा बदलून मागितली. पावसाळा सरून ऊन तापलं तसे आतल्या बाजूनं फळ्यांवर मिठाचे पांढरे कण फुलायला लागले. बंडूमामानं त्यावर चुना फासला. पांढऱ्यावर पांढरं, कुणाला दिसणार?

दिवाळीच्या चार दिवस आधी आक्का आली. धर्मशाळेत जाण्याआधी भावाकडे शेवटचं राहून जाते, एवढ्याच बोलीवर आली होती. काडीसारखी बाई, पांढरं लुगडं, हातात पत्र्याची लहान ट्रंक. माझा तो पहिला दिवाळसण, म्हणून मीही मुक्कामाला होतो. नानांनी तिला चहासुद्धा घेऊ दिला नाही, सरळ वाडीत नेलं. मागून आम्ही सगळे.

"ही तुझी," नाना म्हणाले. "स्वतंत्र आहे. शिरायचं तर मलाही हाक द्यावी लागेल."

आक्कानं काळी, फाकलेली, टोपी तिरकी घातलेली ती केबिन पायापासून कौलापर्यंत बघितली. आत गेली. भिंतीवरून बोट फिरवलं आणि ते जिभेला लावलं. चाखायची खोड घराण्यातलीच निघाली.

"बाबू," ती नानांना म्हणाली, "ही मिठाची कोठी हाय का रे?"

बंडूमामानं घाईघाईनं वाळवीचा विषय काढला. मी त्याचा शर्ट ओढला. नाना जमिनीकडे बघत होते.

"असेल गं," ते म्हणाले. "मला नाय कळत आता. बरीच वर्षं झाली."

सासूबाई पुढे झाल्या. इतकी वर्षं माहीत होतं तर रोज चाखून बरोबर कशाला म्हणायचे, असं त्यांनी विचारलं. नाना म्हणाले, "तू रोज पुढे करायचीस. नको कसं म्हणणार?"

सासूबाई तोंडाला पदर लावून बाजूला झाल्या. मी आणि बंडूमामा दोघंही छपराच्या वाशांकडे बघू लागलो.

आक्का मात्र अजून खूष झालेली नव्हती. तिनं आम्हा सगळ्यांना बाहेर काढलं आणि दार आतून लावलं. नाना छत्रीचं टोक मातीत खुपसत उभे होते. त्यांचा चेहरा इतका लहान झालेला मी कधी पाहिला नव्हता. त्या घटकेला ती बाई ट्रंक उचलून बाहेर आली असती तर नानांनी आडवं येऊन थांबवलं नसतं. ते तिच्या मागून मुकाट्यानं स्टेशनपर्यंत ट्रंक घेऊन गेले असते.

दार उघडलं. आक्का म्हणाली, "माझ्याकडे येणारं माणूस तुझ्या परसातून येणार. मग घर माझं कसं? रस्त्याकडं फाटक पाडा. आणि चूल मी माझ्या हातानं घालीन."

"म्हणजे राहशील?"

"फाटक बघू आधी."

ते फाटक मी आणि बंडूमामानं दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत पाडलं. कुंपण तोडलं, दोन खांब रोवले, मोडक्या खाटेची चौकट काढून तिचं दार केलं. आक्कानं विहिरीकाठची माती कालवून चूल घातली. नरकचतुर्दशीला केबिनच्या कौलांतून धूर निघाला आणि नाना तो बघायला तीनदा वाडीत जाऊन आले. हाक द्यायची मात्र त्यांची छाती झाली नाही. आक्काही तिकडून आली नाही, जेवायलासुद्धा नाही. तिनं आपली चूल पेटवली आणि दार लावून घेतलं. लक्ष्मीपूजन गेलं, पाडवा गेला. मला वाटलं, हिला स्वतंत्र करता करता आपण हरवूनच बसलो.

भाऊबीजेच्या सकाळी नाना लवकर उठले. अंघोळ केली, माझ्या चाळीत घालून आले होते तो काळा कोट चढवला, टोपी घातली. एका पिशवीत नारळ, लुगडं आणि पेढ्यांचा पुडा घेतला, छत्री काखेत मारली आणि पुढच्या दाराकडे निघाले. सासूबाई म्हणाल्या, अहो, उलटं कुठे निघालात, परसातून जा की, इथे तर आहे.

"बहिणीकडे परसातून जातात का कुणी?" नाना म्हणाले, आणि पुढच्या दारानं रस्त्यावर उतरले.

आम्ही स्वयंपाकघराच्या खिडकीत गर्दी केली. नाना अख्ख्या आळीला वळसा घालून चालले होते. वाटेत पारूबाईनं विचारलं असावं, कारण त्यांनी पिशवी उंच करून तिला दाखवली. मी हसत होतो. बाजूला पाहिलं तर सासूबाई हसत नव्हत्या.

त्या म्हणाल्या की नवरा गेल्यापासून वन्संनी निरांजन हातात धरलेलं नाही. दुसऱ्याच्या भरल्या घरात आपला हात नको, असं त्या म्हणायच्या. चुलतभावांकडे म्हणायच्या, आमच्याकडे म्हणायच्या. सासूबाईंनी स्वतः ताट त्यांच्या हातात दिलं तरी मागे सरायच्या. त्यामुळे नानांना कुणी ओवाळलेलं नाही. दर भाऊबीजेला बंडूमामा सासूबाईंपुढे पाटावर बसला की नाना विहिरीकडे निघून जायचे, आणि सगळं आटोपल्यावर परत यायचे.

तेवढ्यात नाना नव्या फाटकापाशी पोचले. त्यांनी टोपी सारखी केली आणि हाक दिली, "आक्का, मी आलोय."

दार उघडलं. आक्कानं दारातच त्यांच्या पायावर पाणी घातलं, डोळ्यांना लावलं. "ये बाबू," ती म्हणाली. "लांबनं आलास."

"जरा लांब पडतं," नाना म्हणाले.

आत पाट मांडलेला होता, भोवती रांगोळी होती. दार उघडंच असल्यानं आम्हाला एवढं दिसलं. नाना पाटावर बसले, टोपी सांभाळत, एखाद्या शाळकरी मुलासारखे ताठ. आक्कानं ताटातलं निरांजन पेटवलं, ताट उचललं. तिचं घर होतं आणि तिला मागे सर म्हणणारं तिथे कुणी नव्हतं. तिनं ओवाळलं. नानांचे खांदे हलायला लागले तेव्हा सासूबाईंनी खिडकीचं दार ओढून घेतलं.

नाना दुपार कलल्यावर परत आले, आळीला वळसा घालून, पुढच्या दारानं. कपाळावर कुंकवाचा ठसठशीत टिळा होता, त्यावर अक्षता चिकटलेल्या होत्या, आणि वाटेत ज्याला त्याला तो दिसावा म्हणून टोपी त्यांनी हातात धरली होती. सासूबाईंनी त्यांचं ताट झाकून ठेवलं होतं. विचारलं, दोन घास खाता का.

"छे," नाना कोट उतरवत म्हणाले. "भाऊबीजेला मी बहिणीकडेच जेवतो."